सरकारच्या कामावर ऑनलाइन लक्ष ठेवायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही पाच-सहा जण नोकऱ्या सांभाळून काहीतरी करू पाहतोय. दोघांना प्रोग्रामिंग येतं. सरकारची आश्वासनं, खर्च आणि कामं एका संकेतस्थळावर मांडावीत आणि नागरिकांनी प्रत्येक खात्याला गुण द्यावेत, अशी कल्पना आहे. अशी साधनं आधी कुणी केली आहेत का, त्यांचा खरंच उपयोग होतो का, आणि आम्ही सुरुवात कुठून करावी?

साधनं भरपूर आहेत आणि त्यांतली काही उत्तम चालली आहेत. जी बंद पडली ती का पडली, हेही आता बऱ्यापैकी कळलंय. मी गेली चौदा वर्षं याच कामात आहे. सरकारी नोंदी उतरवून घ्यायच्या, साफ करायच्या, साध्या माणसाला वाचता येतील अशा मांडायच्या आणि मग त्या घेऊन लोकांबरोबर कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या. उत्तर लांबेल, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. गुण देण्याची कल्पना सध्या बाजूला ठेवा. तीन गोष्टींची गाठ घालता आली तरच असं साधन कामाचं ठरतं: एक नोंद, ती नोंद ज्या जागेबद्दल आहे ती जागा, आणि त्याबद्दल उत्तर देणं ज्याच्यावर बंधनकारक आहे ती खुर्ची. यांतलं एक जरी सुटलं तरी पडद्यावर नुसते आकडे उरतात.

गुणांचंच बघा. ‘आरोग्य खातं: दहापैकी चार’ असं तुमच्या पानावर झळकलं, तर कुणी काय करायचं? मंत्री म्हणणार की विरोधकांनी मतं टाकली. खात्याचा सचिव म्हणणार की चार कशाबद्दल ते सांगा. आणि ज्या दवाखान्यात तीन आठवडे औषध नाही, तिथल्या भांडारप्रमुखापर्यंत ते चार पोचणारच नाहीत. त्याऐवजी ‘या दवाखान्याला या तारखेला इतक्या गोळ्या पाठवल्याची नोंद आहे, आज खिडकीवर गोळ्या नाहीत, पुरवठ्याची जबाबदारी या पदावरच्या अधिकाऱ्याची आहे’ एवढं एकच वाक्य पुराव्यासह मांडलंत, तर कुणालातरी फोन उचलावाच लागतो.

शिवाय ज्याची मोजणी होते ते वाढवून दाखवलं जातं. ब्रिटनमध्ये ‘दे वर्क फॉर यू’ नावाचं संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झालं. संसदेतली भाषणं शोधता येतील, खासदारनिहाय वाचता येतील, अशी त्याने मांडली, आणि ते काम फार मोलाचं आहे. पण कोण किती वेळा बोललं, किती प्रश्न विचारले, याचे आकडेही तिथे दिसत होते. काही खासदार आकडा वाढावा म्हणून उगाच उठून बोलतात, अशा बातम्या २००६ च्या सुमारास छापून आल्या. मग चालवणाऱ्यांनी क्रमवारीसारखी मांडणी सोडून सरासरीच्या वर की खाली एवढंच ढोबळपणे दाखवायला सुरुवात केली. तुम्हीही हजेरी, प्रश्नसंख्या, निधीखर्चाची टक्केवारी असले आकडे लावणार असाल, तर ते वाढवून दाखवणं किती सोपं आहे याचा विचार आधी करा. निधी शंभर टक्के खर्ची पडला याचा अर्थ काम झालं असा होत नाही. कित्येकदा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात पैसे संपवायची घाई झाली, एवढाच होतो.

आता चाललेलं साधन बघू. ‘फिक्स माय स्ट्रीट’ हे ‘मायसोसायटी’ या ब्रिटिश संस्थेने २००७ मध्ये सुरू केलं. नकाशावर टाचणी लावायची, खड्डा आहे की बंद पडलेला दिवा ते निवडायचं, दोन ओळी लिहायच्या आणि पाठवायचं. बघणाऱ्याला वाटतं की नकाशा हेच त्याचं वैशिष्ट्य. खरी मेहनत मागे आहे. टाचणी कुठल्या हद्दीत पडली आणि त्या हद्दीत या प्रकारचं काम कुठल्या पालिकेच्या अखत्यारीत येतं, हे ते साधन स्वतः शोधतं आणि तक्रार थेट तिकडे रवाना करतं. रस्ता एका संस्थेचा, त्यावरचा दिवा दुसऱ्याच संस्थेचा आणि फुटपाथ तिसऱ्याचा, हे नागरिकाने का लक्षात ठेवावं? ‘हे आमच्याकडे येत नाही’ या एका वाक्यावर निम्म्या तक्रारी मरतात, असा माझा अनुभव आहे. तुमच्या दोन प्रोग्रामरांनी पहिले दोन महिने फक्त कुठलं काम कोणाचं, हा तक्ता बनवण्यात घालवले तरी ते वाया जाणार नाहीत.

त्या साधनातली आणखी दोन वैशिष्ट्यं उचलण्यासारखी आहेत. तक्रार सगळ्यांना दिसते, म्हणून त्याच खड्ड्याबद्दल दुसऱ्याला नव्याने लिहावं लागत नाही आणि न मिटलेली तक्रार उघड्यावर राहते. आणि चार आठवड्यांनी तक्रारदाराला ईमेल जातो: काम झालं का? सरकारी तक्रार यंत्रणांमध्ये तक्रार ‘निकाली’ काढण्याचं बटण कार्यालयाच्याच हातात असतं. निकाली निघालेल्या तक्रारीची प्रत हातात घेऊन जागेवर जा, खड्डा तिथेच असतो. म्हणून तुमच्या साधनात दोन वेगळे रकाने ठेवा: कार्यालय काय म्हणतं, आणि तक्रारदार काय म्हणतो. या दोन रकान्यांतली तफावत हाच तुमचा सगळ्यात बोलका आकडा असेल. तिथे गुणांची गरजच पडत नाही.

पैशाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त माल तिथे आहे. कंत्राटं उघडी करायची हे अनेक देशांनी कायद्याने मान्य केलं, पण सगळ्यांनी सारख्या ताकदीने केलं नाही. मला स्लोव्हाकियाचा नियम फार आवडतो. तिथे १ जानेवारी २०११ पासून सरकारी करार इंटरनेटवर प्रसिद्ध झाल्याशिवाय लागूच होत नाही, आणि तीन महिन्यांत प्रसिद्ध केला नाही तर तो झालाच नव्हता असं धरलं जातं. म्हणजे ठेकेदाराला स्वतःचे पैसे हवे असतील तर त्यालाच कागद उघडा करण्याची निकड वाटते. २०१४ मध्ये तिथल्या एका रुग्णालयाच्या सीटी स्कॅन यंत्राची किंमत इतरांनी घेतलेल्या यंत्रांशी ताडून बघितली गेली, गदारोळ झाला, आणि आरोग्यमंत्री व संसदेचे सभापती दोघांना पद सोडावं लागलं. युक्रेनने ‘प्रोझोरो’ ही खरेदी यंत्रणा उभी केली आणि १ ऑगस्ट २०१६ पासून ती सगळ्या सरकारी खरेदीदारांना सक्तीची केली. त्याच वर्षी तिच्या जोडीला ‘दोझोरो’ आलं. एखाद्या निविदेत काही खटकलं तर कुणीही तिथे नोंदवायचं, आणि मग त्याचा पाठपुरावा करायला स्वयंसेवी संस्थांचं एक जाळं सज्ज होतं. नुसती खिडकी उघडून ते थांबले नाहीत. खिडकीतून दिसलेल्या गोष्टीचं पुढे काय होणार याचीही सोय केली, म्हणून ते उदाहरण मी नेहमी देतो.

कंत्राटाची नोंद कशी वाचायची ते एकदा जवळून बघा, कारण हे कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्यासाठी पूर्णपणे करणार नाही. माझ्यासमोर आलेलं एक इमारत दुरुस्तीचं काम घेऊ. वरवर सगळं जागच्या जागी होतं. पहिली तारीख बघितली: निविदा शुक्रवारी संध्याकाळी प्रसिद्ध झाली आणि पुढच्या बुधवारी बंद झाली, मधे शनिवार-रविवार. एवढ्या वेळात जागा बघून, दर काढून, अनामत भरून निविदा कोण टाकू शकतो? ज्याला आधीपासून माहीत आहे तोच. मग आलेल्या निविदा बघितल्या: तीन. त्यांतल्या दोघांचा पत्ता एकच इमारत, एकच मजला. जिंकलेला दर अंदाजित रकमेपेक्षा किंचित खाली, हरलेले दोघे किंचित वर. आणि अंदाजित रक्कम? ज्या मर्यादेच्या वर गेल्यावर मंजुरी वरच्या कार्यालयाकडून घ्यावी लागते, त्या मर्यादेच्या जेमतेम खाली. पुढे तीन महिन्यांत दोन सुधारित मान्यता, आणि दोन्ही मिळून मूळ रकमेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाढ. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला रास्त कारण असू शकतं. पाचही एकाच फाइलीत आल्यावर मात्र प्रश्न विचारणं भाग आहे.

‘प्रश्न विचारणं’ म्हणतो, ‘घोटाळा उघड’ म्हणत नाही. इथे नव्या गटांचा पाय हमखास घसरतो. ब्राझीलमध्ये २०१६ मध्ये काही तरुणांनी लोकवर्गणीतून ‘सेरेनाता दे आमोर’ ही मोहीम सुरू केली. खासदारांना मिळणाऱ्या खर्चभत्त्याची बिलं सरकारच प्रसिद्ध करत होतं. ‘रोझी’ नावाचा त्यांचा प्रोग्राम ती बिलं चाळायचा आणि जेवणाचं अवाजवी बिल, किंवा एकाच दिवशी एकमेकांपासून फार लांबच्या ठिकाणी झालेला खर्च, असं काही दिसलं की खूण करायचा. खुणा केलेली बिलं माणसं तपासायची. शेकडो तक्रारी त्यांनी संसदेकडे पाठवल्या, पण हवा तसा प्रतिसाद येईना, तेव्हा रोझी ट्विटरवरून थेट त्या खासदारालाच विचारू लागली की या बिलाचा खुलासा कराल का. त्यातली भाषा ध्यानात ठेवा. यंत्राला शंका आली, बिलाची लिंक ही, खुलासा करा. आरोप नाही. कागदपत्रांतली विसंगती आणि गुन्हा यांत मोठं अंतर आहे आणि ते अंतर कापायचं काम लेखापरीक्षकाचं, तपास यंत्रणेचं, न्यायालयाचं आहे. तुमच्या पानावरचा एक चुकीचा आरोप तुमच्या शंभर खऱ्या नोंदींची पत घालवतो.

आश्वासनांचा मागोवा घेणाऱ्या साइट्सबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ‘पॉलिटिफॅक्ट’ या तथ्यतपासणी संकेतस्थळाने २००९ मध्ये ओबामांच्या पाचशेहून जास्त आश्वासनांची यादी लावली, इजिप्तमध्ये २०१२ मध्ये ‘मोर्सी मीटर’ने राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांनी पहिल्या शंभर दिवसांसाठी दिलेली ६४ आश्वासनं मोजली. बातम्यांसाठी ही साधनं छान आहेत आणि निवडणुकीच्या आधी लोक ती आवर्जून उघडतात. पण आश्वासनांची भाषाच मोघम असते. ‘शिक्षणाचा दर्जा सुधारू’ याला पूर्ण की अपूर्ण कसं ठरवणार? ज्या आश्वासनात आकडा, मुदत आणि खातं तिन्ही आहेत तेवढीच घ्या, बाकीची सोडून द्या. यादी लहान होईल, पण वाद कमी होतील.

आता प्रसिद्ध न झालेल्या नोंदींबद्दल. सरकारी कागद बघण्याचा हक्क देणारा पहिला कायदा स्वीडनने १७६६ मध्ये केला. आज शंभराहून जास्त देशांत असे कायदे आहेत. ‘व्हॉट डू दे नो’ हे ब्रिटनमध्ये २००८ मध्ये सुरू झालेलं साधन आणि जर्मनीतलं २०११ चं ‘फ्राग देन श्टाट’ एकाच तत्त्वावर चालतात: नागरिकाने माहिती मागितली की त्याचा अर्जही जाहीर, आलेलं उत्तरही जाहीर, आणि मुदत कधी संपते तेही साधन मोजतं. एकाने मागितलेली माहिती सगळ्यांची होते. ‘व्हॉट डू दे नो’च्या मागचं सॉफ्टवेअर ‘अलावेतेली’ मोफत आहे आणि बऱ्याच देशांत वापरलं गेलंय. तुम्हाला पहिल्यापासून लिहायची गरज नाही.

अर्ज कसा लिहायचा हे मात्र शिकावं लागतं. ‘रस्त्यांवर किती खर्च झाला’ असं विचारलंत तर एक बेरीज येईल आणि ती तुम्हाला कुठेच नेणार नाही. ‘या क्रमांकाच्या कामाची मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती’ असं मागा. ‘का’ असा प्रश्न अर्जात घालू नका. कार्यालय म्हणेल की कारणं देणं आमच्यावर बंधनकारक नाही. कागदाचं नाव घेऊन कागदच मागा. तो कागद अस्तित्वातच नाही असं लेखी उत्तर आलं, तर तेही जपून ठेवा, कारण काम झालं आणि मोजमाप नाही हे स्वतःच एक उत्तर आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिस दलाने माहितीच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक एक्सेल फाइल पाठवली. तिच्यात लपलेली एक शीट होती आणि त्या शीटमध्ये दलातल्या सुमारे दहा हजार जणांची नावं व नेमणुकीची माहिती. ती फाइल काही तास ‘व्हॉट डू दे नो’वर सगळ्यांना खुली होती. जिथे पोलिसांच्या जिवाला धोका असतो तिथे ही किती गंभीर गोष्ट आहे ते सांगायला नको. चूक पाठवणाऱ्याची, पण प्रसिद्ध करणाऱ्यालाही आपली जबाबदारी असते. आलेली प्रत्येक फाइल उघडा, लपवलेल्या शीट, रकाने, टिपा तपासा, आणि मगच टाका. लाभार्थ्यांच्या यादीत बँक खातं, ओळख क्रमांक, आजाराचं नाव असलं काही असेल तर ते गाळा. लक्ष सत्तेवर ठेवायचं आहे. निराधार बाईच्या बँक खात्यावर नाही.

आता तुमचा सगळ्यात कळीचा प्रश्न: उपयोग होतो का?

प्रामाणिक उत्तर असं की, काही परिस्थितीत होतो. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी निघालेल्या अनुदानापैकी सरासरी फक्त १३ टक्के पैसे शाळांपर्यंत पोचत होते, असं तपासणीत आढळलं. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते दर महिन्याला वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांच्या भिंतीवरही लावायला सांगितलं. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेलं. याचं सगळं श्रेय वर्तमानपत्रांना देऊ नये, त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि ते मला पटतं. तरी एक गोष्ट उरते: मुख्याध्यापकाला आता ठाऊक होतं की आपल्या नावावर किती पैसे निघाले आणि जाब कुणाला विचारायचा.

दुसरं उदाहरण इंडोनेशियातलं आणि ते माझ्या डोक्यातून कधी जात नाही. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्कन यांनी सहाशेहून अधिक गावांतल्या रस्त्यांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावर दाखवलेला खर्च खरा की खोटा हे कळण्यासाठी अभियंत्यांनी तयार रस्ते ठिकठिकाणी खणून आत किती खडी, किती वाळू आहे ते मोजलं. काही गावांना आधीच सांगितलं होतं की सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. तिथे गायब होणारा पैसा सुमारे आठ टक्के अंकांनी घटला. दुसऱ्या काही गावांत लोकांना हिशेबाच्या बैठकांना आवर्जून बोलावलं. तिथे सरासरी फरक फारच थोडा पडला. पण आतल्या तपशिलात एक शहाणपण आहे: लोकांच्या देखरेखीमुळे मजुरीतली चोरी कमी झाली, सामानातली झाली नाही. साहजिकच आहे. आपल्याला किती दिवसांचे पैसे मिळाले हे मजुराला पाठ असतं. रस्त्याच्या पोटात खडी किती इंच आहे हे त्याला कसं दिसणार?

म्हणून माझा आग्रह असतो की साधन बनवताना लोकांना जे स्वतः तपासता येतं तेच त्यांच्यासमोर ठेवा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पहिली जनसुनवाई घेतली तेव्हा तिथे इंटरनेट कुठे होतं? पंचायतीचे हिशेब लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले. ज्याच्या नावावर मजुरी लागली होती तो समोर बसलेला. तोच उठून सांगे की मी या कामावर गेलोच नव्हतो. नोंद, जागा आणि माणूस एकाच मांडवाखाली आले. त्या चळवळीतून पुढे भारताचा २००५ चा माहिती अधिकार कायदा आला आणि २०१९ मध्ये राजस्थान सरकारचं जनसूचना पोर्टलही. पोर्टल शेवटी आलं, पंचवीस वर्षांनी, हे मी मुद्दाम सांगतोय. नायजेरियात ‘बजेट’ या संस्थेने २०१४ पासून ‘ट्रॅका’ चालवलंय, तेही याच वळणाचं. अर्थसंकल्पात अमुक गावाला आरोग्यकेंद्र मंजूर आहे अशी ओळ असते. कार्यकर्ते ती छापील ओळ घेऊन त्या गावात जातात आणि विचारतात, कुठे आहे ते केंद्र? कित्येकदा गावाला मंजुरीचीच खबर नसते.

माझ्याच कामातला एक प्रसंग सांगतो. एका कार्यालयाने आपली पूर्ण झालेली कामं फोटोसह नकाशावर टाकली होती. आम्हाला आनंद झाला. त्या नोंदी उतरवल्या तेव्हा बारा गटारांच्या कामांचे अक्षांश-रेखांश अगदी एकाच बिंदूवर आले. नकाशात जवळ जाऊन बघितलं तर तो बिंदू त्या कार्यालयाच्याच इमारतीवर होता. म्हणजे फोटो जागेवर काढलेच नव्हते, किंवा काढले असले तरी अपलोड टेबलावर बसून केले होते. दोन कामांना तर एकच फोटो होता, फक्त कडा कापून. आम्ही लगेच काही जाहीर केलं नाही. बाराही जागांवर माणसं पाठवली. आठ ठिकाणी गटार झालं होतं, व्यवस्थित झालं होतं. तीन अर्धवट होती. एका ठिकाणी काहीच नव्हतं. शेजारच्या आजींनी सांगितलं की पाइप येऊन पडले होते आणि एक दिवस परत गेले. आम्ही बाराही नोंदी, आमचे फोटो आणि तारखा असा एकच तक्ता करून त्या कामांच्या अभियंत्याला आधी पाठवला आणि दहा दिवस दिले. उत्तर आलं, दोन अर्धवट कामं सुरू झाली, आणि न झालेल्या कामाचं देयक थांबवलं असं लेखी मिळालं. आठ झालेली कामं आम्ही ‘झाली’ म्हणून ठळकपणे दाखवली होती. त्या अभियंत्याने नंतर मला सांगितलं की त्यामुळेच त्याने बाकीच्या चारांकडे गंभीरपणे बघितलं.

तांत्रिक बाजूचं जेवढं नेहमी राहून जातं तेवढंच सांगतो. सरकारी पान आज आहे तसं उद्या असेलच असं नाही, म्हणून उतरवताना मूळ पानाची प्रत, वेळ आणि पत्ता साठवा, आणि शक्य तिथे ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावरही जतन करा. नोंद बदलली तर जुनी पुसू नका. काय बदललं, कधी बदललं ते दाखवा. पूर्ण होण्याची तारीख गुपचूप पुढे सरकली, ही कित्येकदा मूळ नोंदीपेक्षा मोठी बातमी असते. प्रत्येक कामाला सरकारी क्रमांक असतो, तो कधीही टाकू नका. नावावरून जुळवाजुळव करायला गेलात तर फसाल. एकाच ठेकेदाराचं नाव पाच प्रकारे लिहिलेलं सापडेल, त्यासाठी ‘ओपनरिफाइन’ वापरा. पीडीएफमधले तक्ते काढायला ‘टॅब्युला’ आहे, पण स्कॅन केलेल्या कागदावर ते चालत नाही, आणि अक्षरओळख करणारी साधनं ३ चा ८ करतात. प्रत्येक रकान्याची बेरीज मूळ कागदावरच्या बेरजेशी जुळते का, हे हाताने बघा.

लोकांकडून माहिती घेणार असाल तर त्यांच्या सुरक्षिततेचा विचार पहिल्या दिवसापासून हवा. बंगळुरूच्या ‘जनाग्रह’ या संस्थेने २०१० मध्ये ‘आय पेड अ ब्राइब’ सुरू केलं तेव्हा लाच देणाऱ्याने नाव न सांगता लिहायचं आणि अधिकाऱ्याचंही नाव घ्यायचं नाही असं ठेवलं. कुठल्या खात्यात, कुठल्या कामासाठी, किती, एवढंच. त्यातून कुणी पकडला जात नाही हे खरं, पण कुठल्या खिडकीवर पैसे मागितले जातात त्याचं चित्र तयार होतं. त्याच धर्तीवरच्या चीनमधल्या साइट्स २०११ मध्ये काही आठवड्यांत बंद केल्या गेल्या. तुमच्या इथलं वातावरण कसं आहे ते तुम्हालाच ओळखावं लागेल. तक्रारदाराचा फोन नंबर साठवायची गरज नसेल तर साठवूच नका. जे तुमच्याकडे नाही ते कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

आणि वापरणारा कोण, हे विसरू नका. ज्यांना सरकारी सेवेची सगळ्यात जास्त गरज असते ते तुमचं डॅशबोर्ड उघडणार नाहीत. ते ज्यांच्यावर विश्वास ठेवतात ती माणसं उघडतील: शाळेतल्या बाई, आरोग्यसेविका, तालुक्याचा पत्रकार, वॉर्डातला कार्यकर्ता. अशा चौघांसाठी बनवा. प्रत्येक गावाचं किंवा वॉर्डाचं एक पान एका कागदावर मोठ्या अक्षरात छापता येईल असं करा. मी बनवलेल्या सगळ्या तक्त्या-नकाशांपेक्षा ‘प्रिंट काढा’ हे बटण जास्त कामाला आलंय.

तर तुमच्यासाठी: एकच कार्यालय निवडा, शक्यतो जिथे तुम्ही चालत जाऊ शकता. एकाच प्रकारच्या नोंदी घ्या, गेल्या वर्षी पूर्ण झाली म्हणून दाखवलेली तीस कामं पुरे. त्यांचे क्रमांक, रक्कम, ठेकेदार, तारखा आणि जबाबदार पद एका साध्या एक्सेल तक्त्यात भरा. संकेतस्थळ अजून नको. पाच शनिवारी सहा-सहा जागा बघा, तारखेसह फोटो काढा, शेजारच्या दोन माणसांशी बोला. मग तक्ता घेऊन त्या कार्यालयात जा आणि तुमच्या नोंदीत चूक असेल तर दाखवा म्हणून सांगा. तिथे जे प्रश्न विचारले जातील ते लिहून ठेवा. तुमच्या संकेतस्थळावर कोणते रकाने लागतील ते त्यावरून कळेल, आणि प्रोग्रामिंगला त्यानंतर बसा.